नाकवाल्या जुन्या टाटात इंजिन आणि गिअरबॉक्स परत बसवताना

जुन्या ट्रकचं इंजिन चेसीत उतरवायला अर्धा दिवस पुरतो. अट एवढीच की जमिनीवर असताना जे तपासता येतं ते सगळं जमिनीवरच तपासून झालेलं असावं. एकदा गिअरबॉक्स चढला की मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट यांतलं काहीही बघायचं म्हणजे पुन्हा गाडीखाली आडवं होणं आलं, आणि शंभर किलोच्या वरचा डबा पुन्हा खाली घेणं आलं. म्हणून पुढच्या मजकुरात उचलाउचल कमी आणि तिच्या आधीची खटपट जास्त आहे.

गोव्यात खाणी 2012 मध्ये थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे भागात कितीतरी ट्रक अंगणात उभ्याउभ्या गंजले. बरेच भंगारात गेले. पण त्यांच्याही आधीच्या पिढीची, बॉनेट पुढे आलेली एखादी टाटा अजून कुणाच्या माडांच्या बागेत ताडपत्रीखाली सापडते आणि घरातल्या कुणाला तरी ती पुन्हा चालती करायची हुक्की येते. टाटांनी 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले; 1969 मध्ये तो करार संपला. बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला, इंजिनाची घडण मात्र पुढे बरीच वर्षं तीच राहिली. सहा सिलिंडर एका रांगेत, 692 इंजिन 4788 सीसीचं, 697 इंजिन 5675 सीसीचं. इथे हीच गाडी समोर धरली आहे. तुमच्याकडे बेडफर्ड किंवा फार्गो असेल तरी कामाचा क्रम बदलत नाही, पण बोल्ट किती टॉर्कला आवळायचे हे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. 'अंदाजाने चालतं' म्हणणारा मेस्त्री कितीही जुना असला तरी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, बोल्टांपुरतं त्याचं ऐकू नका.

जागा, टेकू आणि पुली

हे काम गणेश चवथ उलटून पाऊस ओसरल्यावर काढा. जून ते सप्टेंबरमध्ये पॉलिश करून ठेवलेल्या फ्लायव्हीलवर एका रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो. पावसात करायचंच असेल तर घासलेल्या प्रत्येक भागावर तेलाचा हात फिरवा आणि बसवण्याच्या वेळी तो थिनरने पुसून काढा.

आपल्याकडे हाताशी जांभ्याचा चिरा असतो, त्यामुळे एक्सलखाली चिरे रचण्याची सवय सगळीकडे दिसते. ती सोडा. चिऱ्याच्या भिंतीत भार सगळीकडे सारखा पसरतो म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एक्सलचा भार एका कडेवर आला आणि चिरा ओला असला की तो काही इशारा न देता दुभंगतो. लोखंडी स्टँड घ्या, नाहीतर जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून पाचर, लावा. गाडी सपाट काँक्रीटवर हवी. मातीच्या अंगणात गिअरबॉक्सखालचा जॅक रुतत जातो आणि मग काहीच सरळ रेषेत राहत नाही.

इंजिन सुटं असताना वजन चारशे किलोच्या आसपास भरतं. पडवीच्या वाशाला किंवा आंब्याच्या फांदीला चेन पुली टांगणारे लोक आहेत, आणि फांदी मोडल्याच्या गोष्टी सांगणारेही आहेत. आय-बीमची घोडी भाड्याने मिळते, ती आणा. चेन पुली दोन टनी घ्या. तेवढी ताकद लागत नाही, पण मोठी पुली सावकाश आणि हिसका न देता उतरवते. साखळी इंजिनाच्या पुढच्या-मागच्या लिफ्टिंग हुकांतच अडकवा, मॅनिफोल्डला किंवा टॅपेट कव्हरच्या स्टडला नाही. मागच्या बाजूला छोटा चेन पुलर जोडला की इंजिनाचं शेपूट वर-खाली करता येतं, त्याची गरज पुढे पडणार आहे.

चेसी रिकामी आहे तोवर

इंजिन नसताना चेसीत दिवा धरून नीट बघा. मधल्या क्रॉस मेंबरला रिव्हेटजवळ तडे, ब्रेकच्या पाइपवर गंज, क्लच पेडलच्या शाफ्टचे झिजलेले बुश, स्टिअरिंग बॉक्सचे ढिले बोल्ट, ही सगळी कामं आत्ता हाताच्या अंतरावर आहेत. खाणीवर राबलेल्या गाडीत लाल माती तेलात कालवून दगडासारखी बसलेली असते आणि तडा नेमका तिच्याखाली असतो. खरवडून, डिझेलने धुऊन, मगच रंग द्या.

इंजिनाची रबरी माउंटिंग दिसायला चांगली असली तरी नवीच घ्या. डिझेल प्यायलेलं रबर फुगून मऊ होतं, इंजिन एका बाजूला बसतं, आणि पंख्याची पाती रेडिएटरला का घासतात हे शोधण्यात तुमचा रविवार जातो.

इंजिनाचं मागचं टोक

खरी मेख इथे आहे. फ्लायव्हील काढून ब्लॉकच्या मागच्या तोंडाकडे बघा. तिथले कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकमधली भोकं बंद करणारी पत्र्याची झाकणं, गंजाने कागदाइतके पातळ झालेले असतात, सगळे बदला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून तेल झिरपल्याची खूण असेल तर तेही आत्ताच. या घराण्यातल्या जुन्या इंजिनांत तिथे रोप सील सापडतं. नवी दोरी आधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायची, खाचेत गोल दांड्याने दाबत बसवायची आणि टोकं धारदार ब्लेडने कापायची. टोकाचा एखादा धागा जोडाच्या तोंडात चिमटला गेला तर सील नवं असूनही गळतं.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग आणि केसासारख्या भेगा असतात. बारीक भेगा लेथवर घासून जातात. नख अडकेल एवढी भेग असेल तर फ्लायव्हील बदला. फ्लायव्हीलच्या कडेवरच्या रिंग गिअरचे दातही बघा. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक तीन जागांपैकी एकीवर येऊन थांबतं, म्हणून सेल्फचा, म्हणजे स्टार्टर मोटरचा, दात नेहमी त्याच तीन ठिकाणी खातो. रिंग तापवून काढून थोडी फिरवून बसवली की ताजे दात त्या जागी येतात. नवी रिंग मिळत नसेल तर हा उपाय पुष्कळ वर्षं काढतो.

आता पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या टॉप शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून इंजिनाशी जोडणाऱ्या दांड्याचं, पुढचं नाक ज्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतं ते हे. किंमत किरकोळ, पण ते जाम झालं की क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहतो आणि पहिला गिअर करकरतो. जुनं परत वापरू नका. ते आरपार भोकात असेल तर मागून ठोकून निघतं. बंद भोकात असेल तर आत ग्रीस भरून रॉड ठोकण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. अडचण एवढीच की बॉल बेअरिंगमध्ये ग्रीस गोळ्यांच्या फटीतून पिचकारून तोंडावर येतं. त्यापेक्षा पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, कालचा उंडो, म्हणजे कडक गोल पाव, घ्या. कडक कवच सोलून आतला गाभा किंचित ओला करा आणि बेअरिंगच्या मधून आत कोंबा. भोकात जेमतेम शिरेल असा रॉड लावून हातोडा मारा. पुन्हा कोंबा, पुन्हा मारा. पाव दबून लाकडासारखा घट्ट होतो, त्याला मागे जायला जागा नसते, मग बेअरिंग कणाकणाने बाहेर सरकतं. नंतर भोक नीट पुसून काढा, एक ओला कणही आत राहता कामा नये. नवं बेअरिंग बाहेरच्या कड्यावर सॉकेट टेकवून ठोका. आतल्या कड्यावर मारलेला घाव बेअरिंग बसण्याआधीच त्याचं आयुष्य खातो.

फ्लायव्हील परत चढवताना बोल्टांना नव्या लॉक प्लेट, आवळणं समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच. डायल गेज मिळत असेल तर फ्लायव्हीलच्या तोंडावर आणि नंतर फ्लायव्हीलभोवतीच्या हाउसिंगच्या गोल कडेवर टेकवून क्रँक एक फेरा फिरवा. काटा 0.2 मिमीपेक्षा जास्त हलला तर थांबा, बहुधा जोडाच्या तोंडावर रंगाचा किंवा गंजाचा खडा अडकलेला असतो.

क्लच

नवी प्लेट आधी गिअरबॉक्सच्या टॉप शाफ्टवर सरकवून बघा. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दातांवर, ती स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे. अडकत असेल तर प्लेट चुकीच्या मॉडेलची आहे किंवा स्प्लाइनला खाच पडली आहे. स्प्लाइनवर ग्रीस अगदी नावापुरतं लावा. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं आणि क्लच थरथरायला लागतो.

प्लेटच्या मधल्या हबचा लांब भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येतो. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा, नसेल तर प्लेट हाताने फ्लायव्हीलवर धरून बघा की हब बोल्टांच्या डोक्यांना टेकत नाही ना. उलटी बसलेली प्लेट सगळं जोडून झाल्यावरच कळते.

प्लेट मध्यावर धरायला डमी शाफ्ट लागतो. सर्वांत चांगला डमी म्हणजे भंगारातला तुटका टॉप शाफ्ट; त्याची स्प्लाइन आणि नाक दोन्ही अचूक असतात. तो नसेल तर लेथवाल्याकडून पायलट बेअरिंग आणि हब या दोन मापांचा लाकडी दांडा करून घ्या. डमी आत ठेवून प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, फिरत्या क्रमाने आवळा. एका बाजूने पूर्ण आवळलं की कव्हर वाकतं आणि फिंगरांची, म्हणजे प्रेशर प्लेटच्या दाबपट्ट्यांची, उंची वरखाली होते. शेवटी सगळ्या फिंगर सारख्या उंचीवर आहेत का ते पट्टीने मोजा. डमी आता सहज बाहेर यायला हवा. तो ओढून काढावा लागत असेल तर प्लेट मध्यावर नाही. बोल्ट ढिले करून पुन्हा बसवा.

गिअरबॉक्सची तयारी

टॉप शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. किंचित हालचाल असते, खडखड नको. शाफ्टचं नाक खाचलेलं असेल तर नवं पायलट बेअरिंगही टिकणार नाही. पुढच्या कव्हरचं सील, पेडल दाबल्यावर फिंगरांना ढकलणारं रिलीज बेअरिंग आणि त्याच्या फोर्कचे बुश बदला. रिलीज बेअरिंग कानाशी धरून फिरवा. घासल्याचा बारीकसा आवाजही पुढे रोज क्लच दाबताना ऐकू येतो.

डबा टॉप गिअरमध्ये घालून ठेवा. मग मागचा फ्लँज, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती, फिरवला की टॉप शाफ्ट फिरतो आणि स्प्लाइन जुळवता येते. तेल डबा जागेवर बसल्यावर भरायचं, नाहीतर तिरपा करताना ते बाहेर येईल. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या जुन्या डब्यात कुठलंही चढ्या प्रतीचं ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं, तेल ओतू नका. त्यातली काही रसायनं पितळ खातात. मॅन्युअलमधला ग्रेड बघा.

इंजिन चेसीत

इंजिन आणि डबा एकत्र जोडून उतरवावेत की वेगवेगळे? मोटारीत एकत्र सोपं पडतं. ट्रकमध्ये, घरच्या साधनांनी, मी वेगवेगळेच सुचवतो. जोडलेली लांबी केबिनखाली घालायला इंजिन इतकं तिरपं करावं लागतं की एका हाताला साखळी, दुसऱ्याला डबा आणि तिसरा हात कुणाकडेच नसतो.

जाळी, रेडिएटर आणि पंखा काढलेले हवेत. इंजिन पुढून आत घ्या, शेपूट चेन पुलरने थोडं खाली ठेवा, म्हणजे फ्लायव्हील हाउसिंग केबिनच्या पत्र्याखालून जाईल. दोन माणसं हवीत: एक साखळीवर, एक बाजूने बघणारा. बघणाऱ्याने सुटी वायरिंग, ब्रेकचा पाइप आणि क्लचची जोडणी इंजिनाखाली चिमटत नाही ना एवढंच बघायचं. इंजिनाखाली हात घालायचा नाही, सेकंदभरही नाही.

माउंटिंगच्या भोकांवर इंजिन आलं की सगळे बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा, एकही आवळू नका. एक बोल्ट आवळला की उरलेली भोकं सरकतात. पुढची माउंटिंग शेवटचं आवळणं डबा चढल्यावरच. तोवर इंजिनाच्या मागच्या बाजूला ठोकळा किंवा जॅक ठेवा.

डबा चढवणं

हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत लांब स्टड लावा. लांब बोल्टांची डोकी कापून, टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच पाडून ते घरी करता येतात. डबा या दोन दांड्यांवर सरकला की निम्मी झुंज संपते. गिअरबॉक्सचा ट्रॉली जॅक नसेल तर साध्या ट्रॉली जॅकवर लाकडी पाळणा करून डबा पट्ट्याने बांधा.

डबा मागून सरळ पुढे न्या. आधी शाफ्टचं टोक रिलीज बेअरिंगमधून क्लचच्या मध्यात जातं. मग स्प्लाइन अडते. इथे मागचा फ्लँज हळू फिरवत राहा. दात जुळले की डबा एकदम बोटभर पुढे जातो. त्यानंतर दोन-अडीच सेंटिमीटर फट उरते आणि तो पुन्हा थांबतो. आता नाक पायलट बेअरिंगच्या तोंडाशी आहे.

या ठिकाणी कुणीतरी म्हणतंच, बोल्ट लावा आणि ओढून घ्या. ओढू नका. थांबलेला डबा काहीतरी सांगत असतो. इंजिनाचं तोंड आणि डब्याचं तोंड यांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार जागी मोजा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर डबा मागे झुकला आहे, मागचं टोक उचला. खाली जास्त असेल तर उलट. चारही फटी सारख्या झाल्या की डबा हाताने ढकलल्यावर बसतो, आणि बसताना 'ठक' असा भरीव आवाज येतो. बोल्टांनी ओढला तर दोनपैकी एक होतं: हाउसिंगचा कान तुटतो, किंवा पायलट बेअरिंग चिरडतं. दोन्ही गोष्टी त्या दिवशी दिसत नाहीत.

तेवढंच महत्त्वाचं म्हणजे जेवायला जाताना डबा शाफ्टवर लोंबकळत सोडू नका. त्याचं सगळं वजन क्लच प्लेटच्या हबवर येतं, प्लेट वाकते, आणि महिनाभराने तुम्ही क्लच सुटत नाही म्हणून पेडलचं ॲडजस्टमेंट करत बसता. जॅक खालून काढायचा तो सगळे बोल्ट आणि मागचं माउंटिंग लागल्यावरच.

तोंडं जुळली की गाइड स्टड काढून तिथे बोल्ट लावा, मग सगळे आवळा, आणि त्यानंतर इंजिनाची पुढची माउंटिंग. क्लच पेडलला सुरुवातीला साधारण 25 ते 30 मिमी मोकळी चाल ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन, एकाने पेडल दाबून, दुसऱ्याने मागचा फ्लँज फिरवून बघावा. मग टॉप गिअर टाका: पेडल सोडलं की फ्लँज अडला पाहिजे, दाबलं की हाताने फिरला पाहिजे. ही परीक्षा पास झाली तर क्लचचं काम झालं.

जोडण्या

प्रॉपेलर शाफ्टच्या स्लिप जॉइंटवर बाणाच्या खुणा असतात. त्या समोरासमोर आल्या नाहीत तर चाळीसच्या पुढे गाडी थरथरते. इंजिन ते चेसी अर्थची जाड पट्टी विसरू नका. इंजिन रबरावर बसलेलं आहे, त्यामुळे पट्टी नसली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या रॉडमधून नाहीतर स्टॉपरच्या, म्हणजे इंजिन बंद करायच्या, केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून लाल होते. रेडिएटरच्या जाळीत लाल माती असेल तर पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूकडून बाहेर मारा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

ब्लॉक दुसराच आणला असेल तर गाडी चालवण्याआधी आरसीवर नवा इंजिन नंबर आरटीओकडून नोंदवून घ्या. ब्लॉकवरचा नंबर इंजिन चेसीत जाण्याआधी खरवडून वाचून, फोटो काढून ठेवा. नंतर तो पाइपांच्या मागे जातो.

पहिली किक

आधी डिझेलमधली हवा. टाकीपासून सुरुवात करून फिल्टरचा ब्लीड स्क्रू, मग पंपाचा, हाताच्या पंपाने बुडबुडे थांबेपर्यंत. शेवटी नोजलचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. ढिल्या जोडापाशी उघडं बोट नेऊ नका, उच्च दाबाची धार कातडीत शिरते. पाइप पंपावरून काढले असतील तर फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 प्रमाणे ते जागेवर आहेत का ते पुन्हा बघा.

मग स्टॉपर ओढून ठेवा आणि तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये सेल्फला विश्रांती. काटा उठला की स्टॉपर सोडा. एअर क्लीनरच्या तोंडाजवळ जाड फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. पंपातला डिझेलचं प्रमाण ठरवणारा रॅक अडकून इंजिन सुसाट सुटलं तर किल्ली काही करत नाही. हवेचं तोंड फळीने बंद करणं हाच उपाय. हात किंवा कापड लावायचं नाही.

नव्याने बांधलेलं इंजिन तासभर आयडलवर घुरघुरत ठेवू नका. पाणी तापलं, गळती नाही हे दिसलं की गाडी रस्त्यावर काढा. डिचोली-साखळीसारखा सपाट पट्टा आधी, चोर्ला घाट नंतर, आणि भार त्याच्याही नंतर. हलक्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा: आवाज चढला पण गाडी चढली नाही तर क्लच घसरतोय. पन्नासेक किलोमीटरनंतर माउंटिंगचे, हाउसिंगचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा तपासा, टॅपेटही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. फ्लायव्हील हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, तिथून पडलेला थेंब बोटावर घेऊन वास घ्या. काळा, जळकट वासाचा असेल तर क्रँकचं मागचं सील. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं. बसवताना सांडलेलं तेल पहिले काही दिवस ठिबकतंच. रोज पुठ्ठ्यावरचा डाग लहान होत गेला तर काही करू नका. तेवढाच राहिला किंवा वाढला तर डबा पुन्हा खाली घ्यावा लागेल.